खोगिराखालचं कापड: निवड, चढवणं आणि निगा

खोगीर घ्यायचं म्हटलं की माणूस चार दुकानं पालथी घालतो, जाणकारांना फोन करतो, महिनोन्महिने पैसे साठवतो. त्याखालचं कापड मात्र रंग बघून उचलतो. घोड्याच्या अंगाला तासन्‌तास लागून राहतं ते हेच कापड, आणि पाठीच्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. म्हणून हा लेख फक्त कापडावर आहे: रोजच्या रपेटीचं, स्पर्धेचं आणि रेसचं.

कापडाची खरी कामं तीन. घाम शोषायचा, खोगिराचं चामडं घामापासून वाचवायचं आणि चामडं नि कातडी यांच्यातलं घासणं कमी करायचं. चौथं काम आपण त्याच्या माथी मारतो, ते म्हणजे न बसणारं खोगीर बसवणं. ते त्याला जमत नाही. खोगीर टोचतंय म्हणून एक पॅड, तरी टोचतंय म्हणून वर जेलचं दुसरं पॅड, हा प्रकार म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सुरुवात कापडाशिवाय

घोडा सपाट जागेवर, चारही पायांवर सारखा उभा करा. पाठ साफ करून कापडाशिवाय नुसतं खोगीर ठेवा. हे फक्त तपासणीपुरतं, असं बसून फिरायचं नाही.

समोरून बघा. आयाळ संपते तिथे दोन खांद्यांच्या मधोमध हाडाचा उंचवटा असतो, क्लबात त्याला विदर्स म्हणतात. खोगिराची पुढची कमान आणि हा उंचवटा यांत दोन ते तीन बोटं जागा हवी, आणि स्वार बसल्यावरही ती टिकायला हवी. मग मागून वाकून बघा. खोगिराच्या दोन गाद्यांमधली पन्हळ कण्यावरून आरपार जायला हवी आणि तिच्यातून पलीकडचा उजेड दिसायला हवा. आता तळहात सपाट ठेवून गादीखालून पुढून मागे सरकवा. दाब सगळीकडे सारखा लागला तर उत्तम. पुढे घट्ट, मागे घट्ट आणि मध्ये हात मोकळा फिरला, तर स्वाराचं सगळं वजन चार ठिकाणी एकवटणार हे नक्की.

शेवटची बाब मागच्या टोकाची. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. शेवटची बरगडी कुशीतून बोटाने चाचपत वर कण्यापर्यंत न्या. खोगिराचा भार त्या रेषेच्या मागे जाता कामा नये, कारण तिथून पुढे खाली आधाराला बरगड्या नाहीत. ठेंगण्या, आखूड पाठीच्या घोड्यांवर मोठ्या माणसासाठी केलेलं खोगीर ठेवलं की ही चूक हमखास होते.

खोगीर अरुंद असेल तर त्याखाली जाड पॅड घालणं म्हणजे चावणाऱ्या बुटात आणखी जाड मोजे घालणं. थोडं सैल असेल तर पातळ अर्धं पॅड काही दिवस वेळ मारून नेतं, एवढीच सवलत. शिवाय घोड्याची पाठ वर्षभर एकसारखी राहत नाही. काम वाढलं की कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू भरतात, सुट्टीत उतरतात, चारा बदलला तरी फरक पडतो. दर तीन-चार महिन्यांनी ही तपासणी पुन्हा करा.

कापड कसलं घ्यावं

रोजच्या कामाला सुती, रजईसारखं टाचलेलं कापड मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. धुता येतं, उन्हात खडखडीत वाळतं, खिशाला परवडतं. त्याचा दोष असा की एकदा चिंब झालं की ते चिंबच राहतं. म्हणून एकच महागडं घेण्यापेक्षा साधी तीन घ्यावीत: एक पाठीवर, एक दोरीवर, एक घडीत.

लोकरीचा नमदा, म्हणजे खोगिराखालची जाड गादी, लांबच्या चालीला चांगला. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि दाब सारखा पसरवते. पण ती वाळायला वेळ घेते. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर लोकरीचा नमदा बाळगणं म्हणजे रोजची कसरत. मेंढीच्या केसाळ कातड्याचं पॅड मऊ असतं, हवा खेळती ठेवतं, मात्र केस दबून गाठी झाल्या की त्याचा सगळा गुण जातो. पॉलिएस्टरची कापडं झटपट वाळतात, पण स्वस्तातली काही घाम शोषतच नाहीत. घाम कापडावरून ओघळून तंगाखाली, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्याखाली जमतो आणि तिथली कातडी सोलवटते. दुकानात उलट्या बाजूवर पाण्याचे चार थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर ते कापड ठेवून द्या.

फोम आणि जेल यांचं कौतुक जरा हात राखूनच करावं. जेल जड असतं आणि पाठीची उष्णता कोंडून धरतं. पाठीच्या दुखण्यावर पशुवैद्यकाने सुचवलं असेल तर गोष्ट वेगळी, एरवी आपल्या हवेत त्याची खोगीरभरती नको.

आणि घोंगडी? नीट घडी घातलेली मऊ घोंगडी चालते. पूर्वी घोडदळातही खोगिराखाली घडीची कांबळी वापरत. अट एकच: घडीची धार आणि काठाची जाड शिवण गादीखाली येऊ द्यायची नाही. बंद बाजू पुढे, उंचवट्याकडे ठेवायची आणि सुटी टोकं मागे. प्लास्टिकचं विणलेलं पोतं मात्र कधीच नको. त्याने घाम अडतो आणि विणीच्या कडा कातडी कापतात.

आकाराचे मुख्य प्रकार तीन. खोगिराच्या आकारात कापलेला नमदा, चौकोनी कापड आणि फक्त गाद्यांखाली येणारं अर्धं पॅड. अर्धं पॅड सहसा पातळ कापडाच्या वर ठेवतात. त्याने दोन थर होतात, म्हणजे खोगीर तेवढं घट्ट होतं, हे विसरू नये.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची आहे कण्यावरची शिवण. कापड मधोमध दुमडून हातात धरा आणि वरची रेघ बघा. चांगल्या कापडात ती पुढे उंच होते, मध्ये खोलगट जाते, मागे परत किंचित वर येते, म्हणजे घोड्याच्या पाठीसारखीच. स्वस्त कापडात ती पट्टीने आखल्यासारखी सरळ असते. असं सरळ कापड कितीही ओढून बसवा, दहा मिनिटांत खाली येऊन विदर्सवर ताणलं जातं. त्या जागी हाड आणि कातडी यांत मांस जवळजवळ नसतंच, त्यामुळे ताणलेलं कापडही तिथे जखम करतं. शिवणीवरून अंगठा फिरवा. टाके टोचले, गाठ लागली किंवा कडक लेबल सापडलं, तर ते घोड्यालाही लागणार आहे. लेबल कापता येतं, शिवण नाही.

मापासाठी खोगीर कापडावर ठेवून बघा. गाद्यांच्या बाहेर चहूबाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर कापड दिसायला हवं. काठाची जाड पट्टी गादीखाली आली तर माप लहान. उड्यांच्या खोगिराची पाखं, म्हणजे दोन्ही बाजूंना लोंबणारी चामड्याची पानं, पुढे झुकलेली असतात, ड्रेसाजची (ठरलेल्या चाली दाखवायच्या प्रकाराची) लांब आणि सरळ. एकाचं कापड दुसऱ्याला पुरत नाही, म्हणून दुकानात जाताना खोगिराचा आडवा फोटो आणि लांबी सोबत न्या.

चढवताना

१. पाठ, बरगड्या आणि तंगाची जागा ब्रशने साफ करा. वाळलेला चिखल आधी खराऱ्याने सुटा करायचा, पण हाडाच्या जागी खरारा दाबायचा नाही. मग ब्रश ठेवून उघड्या तळहाताने सगळी पाठ चाचपा. गाठ, ऊब, खपली, दाबल्यावर पाठ खाली जाणं, यातलं काहीही आढळलं तर त्या दिवशी खोगीर नाही.

२. कापडही चाचपा. गवताचं कुसळ सुती कापडात असं रुतून बसतं की डोळ्यांना दिसत नाही, हातालाच कळतं.

३. कापड हवं त्यापेक्षा वीतभर पुढे, मानेच्या मुळाशी ठेवा आणि तिथून मागे सरकवत जागेवर आणा. असं केल्याने खालचे केस आपल्या दिशेने सपाट बसतात. जास्त मागे गेलं तर पुढे ओढायचं नाही. पूर्ण उचलायचं आणि परत पुढून सुरुवात. हा नियम कंटाळवाणा आहे, आणि घाईत असलेला प्रत्येक जण तो मोडतो.

४. दोन्ही बाजूंना कापड सारखं लोंबतंय ना, हे घोड्याच्या पुढे उभं राहून बघा. मागे अगदी पायांजवळ उभं राहून बघू नका.

५. खोगीर हलक्या हाताने वरून ठेवा. आपटलं तर घोडा पाठ ताठ करतो आणि पुढच्या वेळी खोगीर दिसताच बाजूला सरकतो.

६. आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन बोटं कापडाखाली घालून पुढचा भाग खोगिराच्या कमानीत वर उचला, कापड आणि विदर्स यांत पोकळी राहील इतका. मागच्या टोकालाही तसंच करा. नीट झालं असेल तर पुढून पाहिल्यावर कण्यावर एक बोगदा दिसतो आणि त्यातून हवा जाते.

७. कापडाच्या पट्ट्या खोगिराच्या पट्ट्यांमध्ये ओवा आणि तंग खालच्या फितीतून घ्या. पट्ट्या जागेवर नसतील किंवा कापडाला खाली खेचत असतील, तर त्या न लावलेल्या बऱ्या.

८. तंग एका दमात आवळू नका. एक भोक, मग दोन पावलं चालवा, मग दुसरं. प्रत्येक वेळी कापड वर आहे ना ते बघा, कारण तंग आवळताना ते परत खाली येतं. शेवटी घोड्याचे पुढचे पाय एकेक करून गुडघ्याखाली धरून पुढे ताणा. तंगाखाली चिमटलेली कातडी सुटते.

बसल्यावर दहा मिनिटांनी थांबून पुन्हा एकदा पुढे हात घालून बघा. बोगदा टिकला असेल तर बाकी सगळं नीट झालंय.

उतरवल्यावर पाठ वाचा

खोगीर काढलं की बहुतेक जण पाठीवर पाणी ओततात. त्याआधी अर्धा मिनिट नुसतं बघा. तंग सैल करून चालवत आणलेल्या घोड्याच्या पाठीवर घामाचा स्पष्ट ठसा असतो. कण्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या आकाराचे ओले पट्टे आणि मधोमध कोरडी रेघ, हे चांगलं चित्र.

ओल्या पट्ट्यात तळहाताएवढा कोरडा ठिपका दिसला तर जरा सावध व्हा. त्याचे दोन अर्थ निघतात: तिथे दाब इतका होता की घामच आला नाही, किंवा खोगीर तिथे टेकतच नव्हतं. ठिपक्यावरचे केस चपटे, विस्कटलेले असतील आणि बोटाने दाबल्यावर घोडा कान मागे टाकत असेल, तर पहिला अर्थ. केस फुललेले आणि घोडा शांत असेल, तर बहुधा दुसरा. वीसएक मिनिटांनी त्याच जागी सूज आली का तेही बघा, कारण दाब निघाल्यावर रक्त परत येतं आणि मगच फुगवटा दिसतो. एका बाजूलाच ठसा गडद असेल, तर कापडाच्या आधी स्वाराची बैठक आणि रिकिबींची लांबी तपासा.

कापडाची उलटी बाजूही बोलकी असते. एकाच जागी मळ काळा आणि चकचकीत होत असेल, केस तुटून चिकटत असतील, तर घासणं तिथे आहे. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर कधीकधी विदर्सच्या दोन्ही बाजूंना पांढरे केस उगवलेले दिसतात. ते जन्मखूण नसून जुन्या दाबाची निशाणी असते, तिथली केसांची मुळं दुखावलेली असतात. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा बघताना झूल बाजूला करून हे केस जरूर शोधावेत.

माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीला घोड्यावर बसणाऱ्या पाहुण्यांनीही एवढं करावं. पैसे ठरवण्याआधी घोडेवाल्याला सरळ सांगावं, 'दादा, जरा खोगीर उचलून पाठ दाखवा.' ज्याचा घोडा धड आहे तो आनंदाने दाखवतो. जखम किंवा व्रण असलेल्या, कामाला अयोग्य प्राण्याला कामाला लावणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे. भांडण काढायची गरज नाही, दुसरा घोडा घ्या.

रेसमध्ये

रेसचं गणित निराळं. तिथलं खोगीर जेमतेम अर्धा-एक किलोचं असतं, आणि जॉकी त्यावर बसतच नाही, रिकिबींवर तोलून उभा असतो. मऊपणाला तिथे फारशी किंमत नाही. सरकू नये हे पहिलं आणि वजन बरोबर भरावं हे दुसरं. तयारीतल्या रेसच्या घोड्याचं पोट कुशीकडे निमुळतं होत जातं, म्हणून वेगात खोगीर मागे सरकायला बघतं.

त्यामुळे अंगाला सगळ्यात आधी न सरकणारा पातळ थर. तो शॅमॉय चामड्याचा किंवा रबरी जाळीचा असतो. शॅमॉय ओला करून पिळून लावतात, कोरडा पकड घेत नाही. त्यावर गरजेप्रमाणे फोमचं पातळ पॅड. मग शिशाचं कापड, त्यावर नंबरचं कापड, मग खोगीर आणि तंग, आणि सगळ्यांवरून एक लांब पट्टा. तंग तुटला तर हाच पट्टा खोगीर धरून ठेवतो. इथेही विदर्सवरचा बोगदा हवाच. थर चार-पाच असल्यामुळे सगळे एकत्र चिमटीत धरून वर उचलावे लागतात. वरचाच थर उचलला आणि खालचा हाडावर ताणलेला राहिला, ही घाईतली नेहमीची चूक.

शिशाचं कापड म्हणजे दोन्ही बाजूंना कप्पे असलेला पट्टा. समजा घोड्याला ६० किलो वजन दिलंय आणि जॉकी त्याच्या सामानासकट ५४ भरतो. उरलेले ६ किलो शिशाच्या चपट्या पट्ट्यांनी भरायचे, दोन्हीकडे तीन-तीन. आधी पुढचे कप्पे भरावेत, म्हणजे वजन जॉकीच्या तोलाजवळ, खांद्यामागे राहतं. मागे गेलेलं शिसं प्रत्येक उडीला कमरेवर आदळतं. कप्प्यांची झाकणं दाबून, बोटाने ओढून बघा. वाटेत एक पट्टी पडली तर रेसनंतरच्या वजनात जॉकी कमी भरतो आणि जिंकलेली रेस हातची जाऊ शकते. रेस संपल्यावर जॉकी स्वतः खोगीर, कापडं उचलून काट्याकडे चालत जातो ते यासाठीच. हेल्मेट, चाबूक या वजनात धरायचे की नाही, हे त्या क्लबाच्या नियमपुस्तकात बघून घ्यावं.

प्रेक्षकांचा नेहमीचा गोंधळ नंबरावरून होतो. कापडावरचा नंबर रेस कार्डातला असतो, गेटचा, म्हणजे घोडा जिथून सुटतो त्या कप्प्याचा नसतो. गेट चिठ्ठ्या टाकून मिळतं. आपल्याकडे कार्डात घोडे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे १ नंबरचं कापड सहसा सर्वात जास्त वजन वाहणाऱ्या घोड्यावर असतं. जॉकीच्या सदऱ्याचे रंग मालकाचे, कापड मात्र क्लबाचं. अमेरिकेत कापडाचा रंगच नंबराला बांधलेला असतो: १ लाल, २ पांढरं, ३ निळं, ४ पिवळं, ५ हिरवं, ६ काळं. दुर्बीण नसतानाही आपला घोडा घोळक्यात सापडतो, सोय छान आहे.

पुण्याचा हंगाम पावसाळ्यात, मुंबईत महालक्ष्मीचा नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. पुण्यात म्हणून नंबरचं कापड चिखलाने माखून परततं, आणि भिजलेलं कापड काट्यावर थोडं जास्तच भरतं. बांधताना नंबर पाखाखाली झाकला जात नाही ना आणि कापडाला सुरकुती नाही ना, एवढं सईसाने, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याने, पॅडॉकमध्येच (रेसआधी घोडे फिरवतात तिथे) बघायचं. सुरकुती पडलेला ३ लांबून ८ वाटतो.

ड्रेसाजच्या रिंगणात याच्या उलट सगळं टापटीप. चौकोनी कापड, बहुतेकदा पांढरं, कोपऱ्यात देशाचा झेंडा किंवा क्लबाचं चिन्ह. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक घेतलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. त्या स्पर्धेची छायाचित्रं मोठी करून बघा, कापड कमानीत कसं वर ओढलेलं असतं ते शिकायला मिळेल. स्थानिक स्पर्धेला जाताना एक पांढरं कापड वेगळं ठेवा आणि सराव रोजच्यानेच करा.

धुणं आणि पावसाळा

रोज काम झालं की कापड घडी करून खोगिरावर टाकू नका. उलटी बाजू वर करून, हवा लागेल असं टांगा. वाळलं की कडक ब्रशने केस आणि मीठ झाडून काढा. घामातलं मीठ सुकून कडक होतं आणि दुसऱ्या दिवशी तेच घासतं. रोजच्या वापरात आठवड्यातून एकदा तरी धुवा, उन्हाळ्यात दोनदा.

मशीनमध्ये टाकण्याआधी केस काढा आणि कापड जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधा, नाहीतर घरातल्यांच्या कपड्यांवर पुढचे चार दिवस घोड्याचे केस सापडतील. साबण सौम्य आणि कमी, कपडे मऊ करणारं द्रव अजिबात नको. त्याने कापडाची शोषणशक्ती जाते. खरी मेहनत खळबळण्यात आहे. कापडात राहिलेला साबण घामाने परत सुटतो आणि कातडी लाल होते. पिळल्यावर पाण्याला फेस येत नाही तोवर धुतलं असं समजू नका. सुती कापड कडक उन्हात, लोकर कोमट पाण्यात धुऊन सावलीत आडवी. केसाळ कातडं ऊन लागलं की कडक होतं.

पावसाळ्यात कापड बाहेर वाळत नाही, तबेल्यात तर नाहीच. खोलीत दोरी, खाली पंखा, आणि रात्रभर चालू. दमट कापड चढवलं की केसांच्या मुळाशी खपल्या धरतात. गजकर्ण तर कापड, ब्रश आणि तंग यांच्यावाटे एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जातं, शिवाय माणसालाही होतं. म्हणून प्रत्येक घोड्याचं कापड वेगळं असावं, त्यावर मार्करने नाव घालावं, आणि नवा घोडा आला तर निदान दोन आठवडे त्याचं काहीच इतरांत मिसळू देऊ नये. लागण झालेल्या घोड्याचं कापड काय करायचं ते पशुवैद्यकाला विचारा. स्वस्तातलं असेल तर सरळ जाळलेलं बरं.

कापड बाद कधी करावं? उजेडासमोर धरा. आतलं भरण गोळा होऊन मध्ये पारदर्शक ठिगळं दिसू लागली, कण्यावरची शिवण उसवली किंवा काठ वळून कडक झाला, की ते पाठीवरून काढा. खोगीर झाकायला, लादी पुसायला ते अजून वर्षभर पुरतं.